आजीचं बीपी किती असावं? इगतपुरीतून दिसणारा एक संशोधन-प्रश्न

पेटची तयारी करणाऱ्यांकडून मला सगळ्यात जास्त वेळा येणारा प्रश्न असा: "गाइडलाइनमध्ये सगळं लिहिलेलंच आहे, मग आम्ही संशोधन कशावर करायचं?" आज त्याचं उत्तर एकाच उदाहरणातून देतो. विषय म्हटलं तर घरोघरचा आहे. वय झालेल्या, अंगाने खंगलेल्या माणसांचं बीपी, शुगर आणि कोलेस्टेरॉल कितपत ताणून धरायचं? गाव घेऊ इगतपुरी, कारण माझं फिल्डवर्क त्याच पट्ट्यात आहे आणि तिथे हा प्रश्न पुस्तकातल्यापेक्षा बराच वेगळा दिसतो.

एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो. हा लेख पुरावा कसा वाचायचा याबद्दल आहे. तो वाचून घरातल्या कुणाच्याही गोळ्या बंद करू नका किंवा बदलू नका. काही गोळ्या एकदम बंद केल्या तर जिवावर बेतू शकतं.

आता समजा, एका पाड्यावरच्या आजी तुमच्यासमोर बसल्या आहेत. (खऱ्या नाहीत, मी उदाहरणासाठी रचल्या आहेत, पण तालुक्यात कुठल्याही ओपीडीत अशा आजी भेटतील.) वय साधारण ७८, वजन ३८ किलो. बसून बीपी १६८/७०. उभं करून एका मिनिटाने घेतलं तर १३८/६४, आणि त्या म्हणतात, "डोळ्यापुढं अंधारी येती." मधुमेह आहे. पिशवीत बीपीच्या तीन प्रकारच्या गोळ्या, शुगरच्या दोन, एक अॅस्पिरिन, एक कोलेस्टेरॉलची. काही सरकारी दवाखान्यातल्या, काही घोटीच्या खासगी डॉक्टरांकडच्या. गेल्या पावसाळ्यात त्या अंगणात दोनदा घसरून पडल्या.

बीपीची गोळी वाढवायची की कमी करायची?

लगेच उत्तर देऊ नका. दोन्ही बाजूंना दमदार पुरावा आहे, आणि म्हणूनच हा संशोधनाचा विषय आहे.

पहिली बाजू आपल्या महाराष्ट्रातलीच. गडचिरोलीत 'सर्च' या संस्थेने ८६ गावांतल्या मृत्यूंची नोंद ठेवून कारणं शोधली. डॉ. योगेश्वर काळकोंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा हा पेपर २०१५ साली 'स्ट्रोक' या नियतकालिकात आला. त्या गावांमध्ये मृत्यूचं पहिल्या क्रमांकाचं कारण होतं पक्षाघात: दर १०० मृत्यूंपैकी साधारण १४. बहुतेक माणसं घरीच गेली. ज्या भागाची ओळख मलेरिया आणि कुपोषण अशी, तिथे हे निघालं. पक्षाघाताचं सर्वांत मोठं टाळता येण्याजोगं कारण उच्च रक्तदाब. म्हणजे 'आदिवासी, खेड्यातली, बारीक माणसं, त्यांना कसलं आलंय बीपी' हा समज आपल्याला परवडणारा नाही. आजींची गोळी कमी करायच्या आधी हे आकडे डोळ्यांसमोर ठेवा.

दुसरी बाजू त्या अंगणातली. आपण उभे राहिलो की पाचशे ते सातशे मिलिलिटर रक्त पाय आणि पोटाकडे उतरतं. डोक्याला पुरवठा टिकवायला शरीर काही सेकंदांत रक्तवाहिन्या आवळतं, नाडी वाढवतं. कसाऱ्याहून इगतपुरीला येणाऱ्या गाडीला ३७ ला १ चा चढ चढवण्यासाठी मागून बँकर इंजिनं लावतात, तसा हा मागून मिळणारा जोर. वयानुसार हा बँकर उशिरा येतो. वाहिन्या ताठ होतात, म्हणून वरचा आकडा चढतो आणि खालचा उतरतो. आजींचं १६८/७० नेमकं तेच सांगतं. वरून तीन गोळ्या. उभं राहिल्यावर तीन मिनिटांच्या आत वरचा आकडा २० ने किंवा खालचा १० ने पडला तर त्याला ऑर्थोस्टॅटिक हायपोटेन्शन म्हणतात. आजींचा वरचा ३० ने पडला. ३८ किलोच्या बाईचं खुब्याचं हाड मोडलं, की घरातल्या एकाची मजुरी बुडते, नाशिकच्या खेपा सुरू होतात, आणि पुष्कळदा त्या पुन्हा चालत नाहीत.

आता पेपर उघडू. ऐंशीच्या पुढच्यांसाठी सगळ्यात जास्त उद्धृत होणारा अभ्यास म्हणजे हायव्हेट, २००८. ८० वर्षं आणि त्यावरची ३,८४५ माणसं, बसून वरचं बीपी १६० किंवा जास्त. इंडापामाइड, गरज पडली तर पेरिंडोप्रिल, आणि लक्ष्य १५०/८०. ट्रायल वेळेआधी थांबवावी लागली, कारण औषध घेणाऱ्यांत मृत्यू २१ टक्क्यांनी कमी निघाले आणि हार्ट फेल्युअर ६४ टक्क्यांनी. त्याआधी 'एवढ्या म्हाताऱ्यांना कशाला औषध' असं म्हणणारे बरेच होते. हायव्हेटने त्यांची तोंडं बंद केली, आणि ते योग्यच झालं.

पण तुम्ही संशोधक होणार आहात, तर निष्कर्षाआधी निवडीचे निकष वाचायची सवय लावा. हायव्हेटमध्ये उभं राहून वरचं बीपी १४० पेक्षा कमी असलेल्यांना घेतलंच नव्हतं. आपल्या आजींचं १३८. डिमेन्शियाचं निदान झालेले नाहीत, शुश्रूषेची गरज असलेले नाहीत. बहुतेक सहभागी पूर्व युरोप आणि चीनमधले. भारतातलं कुणीही नाही.

दुसरा मोठा अभ्यास स्प्रिंट, अमेरिकेतला, २०१५. ९,३६१ माणसं; लक्ष्य १२० च्या खाली विरुद्ध १४० च्या खाली. ७५ च्या पुढच्या २,६३६ जणांचं वेगळं विश्लेषण २०१६ मध्ये आलं. कडक लक्ष्य ठेवलेल्या गटात हृदयविकार, पक्षाघात वगैरे घटना सुमारे एक तृतीयांशाने कमी, मृत्यूही तेवढ्याच प्रमाणात कमी. शिवाय त्यांनी थकलेपणा मोजला होता, आणि जास्त थकलेल्यांतही फायद्याचा कल तोच दिसला. हे वाचून कुणीही म्हणेल, झालं, सुटला प्रश्न. मग निकषांची यादी पाहा. मधुमेह असलेले बाहेर. पूर्वी पक्षाघात झालेले बाहेर. नर्सिंग होममधले बाहेर. उभ्याने ११० च्या खाली बीपी असलेले बाहेर. गेल्या सहा महिन्यांत नकळत दहा टक्क्यांपेक्षा जास्त वजन घटलेलेही बाहेर. आजी मधुमेहावरच बाहेर पडल्या.

म्हणजे दोन्ही ट्रायल खोट्या आहेत का? अजिबात नाही. त्यांनी ज्यांना विचारलं त्यांच्याबद्दल त्या खरं बोलतात. गडबड होते ती आपण त्यांचं उत्तर दुसऱ्यालाच चिकटवतो तेव्हा. तुमच्या प्रस्तावात 'संशोधनातील उणीव' म्हणून एक परिच्छेद लिहावा लागतो ना, त्यात बहुतेक जण 'या विषयावर भारतात फार अभ्यास झालेला नाही' एवढंच लिहितात. त्याऐवजी उणीव अशी शोधा: कोणती माणसं, कोणत्या निकषामुळे, कोणत्या अभ्यासातून गळली. हे ठोस असतं, आणि मुलाखतीत गाइड त्यावर प्रश्न विचारतात तेव्हा तुमच्याकडे उत्तर असतं.

मग गळलेल्या माणसांबद्दल कुणी काही पाहिलं आहे का? पाहिलं आहे, आणि इथे गोष्ट रंगते. फ्रान्स आणि इटलीतल्या नर्सिंग होममधल्या ऐंशीच्या पुढच्या १,१२७ जणांचा पार्टाज अभ्यास २०१५ मध्ये छापून आला. ज्यांचं वरचं बीपी १३० च्या खाली होतं आणि जे बीपीच्या दोन किंवा जास्त गोळ्या घेत होते, त्यांच्यात दोन वर्षांत साधारण ३२ टक्के मृत्यू. बाकीच्यांत साधारण २० टक्के. हे वाचल्यावर मन लगेच म्हणतं: बघा, गोळ्यांनीच मारलं.

थांबा. हा निरीक्षणात्मक अभ्यास आहे. कुणाला किती गोळ्या द्यायच्या हे चिठ्ठी टाकून ठरलं नव्हतं. ज्यांना दोन-तीन गोळ्या होत्या त्यांचं हृदय आधीच जास्त बिघडलेलं असू शकतं. आणि त्याहून खोल अडचण अशी: शेवटाकडे जाणाऱ्या माणसाचं बीपी आपोआप उतरतं. ब्रिटनमधल्या फॅमिली डॉक्टरांच्या नोंदींवर डेलगाडो आणि सहकाऱ्यांनी २०१८ मध्ये दाखवलं, की साठीनंतर वारलेल्या ४६,००० हून जास्त माणसांत वरचं बीपी मृत्यूच्या साधारण १४ वर्षं आधीपासून हळूहळू खाली येत होतं. वजन घटलेल्यांत, हार्ट फेल्युअर किंवा डिमेन्शिया असलेल्यांत उतार जास्त तीव्र. बीपीचा त्रास कधीच नव्हता त्यांच्यातही उतार होताच. म्हणजे 'कमी बीपी आणि मृत्यू' यांची जोडी दिसते तेव्हा कमी बीपीने मृत्यू आला की येऊ घातलेल्या मृत्यूने बीपी उतरवलं? याला उलटा कार्यकारणभाव म्हणतात. पावसाळी ढग आले की बेडूक ओरडतात; बेडकांनी पाऊस पाडला असं आपण म्हणत नाही. पण आकडे समोर आले की आपण नेमकं तेच म्हणून बसतो.

याचा निकाल लावायचा तर चिठ्ठी टाकावी लागते. पार्टाज करणाऱ्या आथानाझ बेनेतोस यांच्याच गटाने फ्रान्समध्ये ती टाकली. रिट्रीट-फ्रेल नावाची ही ट्रायल २०२५ मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये आली. ऐंशीच्या पुढचे, वरचं बीपी १३० च्या खाली, एकापेक्षा जास्त बीपीच्या गोळ्या घेणारे १,०४८ नर्सिंग होमवासी. अर्ध्यांच्या गोळ्या ठरलेल्या पद्धतीने कमी केल्या, अर्ध्यांचं नेहमीसारखं चालू ठेवलं. तीन वर्षांच्या आसपास पाठपुरावा. मृत्यू: ६१.७ टक्के विरुद्ध ६०.२ टक्के. फरक नाही.

आता हा निकाल तुम्ही कसा वाचाल? 'गोळ्या कमी करून उपयोग नाही' असा वाचता येतो. 'गोळ्या कमी करूनही नुकसान झालं नाही' असाही वाचता येतो. माझं मत दुसऱ्याकडे झुकतं, कारण एका वयानंतर रोज कमी गोळ्या गिळणं ही स्वतःच एक कमाई आहे. पण एक मात्र नक्की: 'गोळ्यांनीच मारलं' हा पहिला आवेश टिकला नाही. ज्यांनी शंका उपस्थित केली त्यांनीच ती तपासली आणि निकाल विरुद्ध गेला तरी छापला. संशोधनात हे रोज होत नाही, म्हणून लक्षात ठेवण्यासारखं आहे.

इंग्लंडमधली ऑप्टिमाइज ही ट्रायल (२०२०) जरा वेगळ्या माणसांवरची. घरी राहणारे, ऐंशीच्या पुढचे ५६९ जण, बीपीच्या दोन किंवा जास्त गोळ्या. एक गोळी काढली. बारा आठवड्यांनी वरचं बीपी १५० च्या आत असलेले: गोळी काढलेल्यांत ८६.४ टक्के, न काढलेल्यांत ८७.७. सरासरी बीपी साडेतीन अंकांच्या आत-बाहेर वाढलं. ट्रायल आटोपशीर आहे, पण बारा आठवड्यांत पक्षाघात वाढतो की नाही हे कळत नाही, आणि लेखकांनी तसा दावाही केलेला नाही. तुमच्या वाचनवहीत ही मर्यादा निकालाच्याच ओळीत लिहा, खाली तळटीपेत नको.

युरोपियन कार्डिओलॉजी सोसायटीच्या २०२४ च्या गाइडलाइनने यातून काढलेला मार्ग मला प्रामाणिक वाटतो. साधारण माणसाला १२० ते १२९ चं लक्ष्य. पण ८५ च्या पुढे, उभं राहिल्यावर त्रास होत असेल, मध्यम ते जास्त थकलेपणा असेल किंवा आयुष्यच थोडं उरलं असेल, तर लक्ष्य सैल ठेवा आणि झेपेल तेवढंच खाली आणा. पण 'मध्यम ते जास्त थकलेपणा' हे कोण, कशाने मोजणार? इगतपुरीत हाच कळीचा प्रश्न होतो, आणि तुमच्यासाठी खरी जागा इथेच आहे.

मी 'थकलेपणा' हा शब्द मुद्दाम वापरतोय. इंग्रजीतल्या फ्रेलला मराठीत जर्जर, अशक्त, दुर्बल असे शब्द सुचवतात, पण आपण बोलताना काय म्हणतो? "आजोबा आता फार थकलेत." म्हणजे काम करून दमलेत असं नाही, अंगातली रगच गेली आहे. संकल्पना भाषेत आधीपासून तयार आहे. पण याच शब्दाने प्रश्नावलीत घोटाळा होतो.

लिंडा फ्रीड यांनी २००१ मध्ये अमेरिकेतल्या ६५ च्या पुढच्या पाच हजारांवर माणसांच्या माहितीवरून पाच खुणा ठरवल्या: नकळत वजन घटणं, दमणूक, हाताची पकड कमी होणं, चाल मंदावणं, हालचाल कमी होणं. तीन किंवा जास्त असतील तर माणूस थकलेला. आता हे घेऊन पाड्यावर जा. दमणुकीचा प्रश्न 'तुम्हाला थकल्यासारखं वाटतं का' असा भाषांतरित केला, की समोरच्या आजी ऐकतात 'तुम्ही म्हाताऱ्या झालात का', आणि म्हणतात "व्हय, थकलेच की आता." पाचातली एक खूण विनाकारण जमा. 'मागच्या आठवड्यात रोजचं काम करताना दम पुरला नाही असं किती दिवस झालं' असं विचारलं तर उत्तर बदलतं.

वजनाचंही तसंच. वर्षभरात साडेचार किलो किंवा पाच टक्के घट असा निकष आहे. पण वर्षापूर्वीचं वजन कुणाकडे आहे? काही ठिकाणी बांगड्या सैल झाल्या का, चोळी ढिली पडली का असं विचारावं लागतं. मग ते उत्तर विश्वासार्ह आहे का, हे वेगळं तपासावं लागतं. त्याला व्हॅलिडेशन म्हणतात, आणि एकट्या त्यावर पीएचडीचा एक प्रकरणभर मजकूर सहज होतो. हालचालीसाठी फ्रीड यांनी वापरलेल्या प्रश्नावलीत गवत कापणं, गोल्फ, टेनिस, बोलिंग आहे. आपल्याकडे आषाढात चिखलात वाकून आवणी करणारी पासष्टीची बाई त्या प्रश्नावलीत 'निष्क्रिय' ठरेल. आणि तिलाच फेब्रुवारीत विचारलंत, भात खळ्यावरून घरात गेल्यावर, तर उत्तर आणखी वेगळं येईल. इगतपुरीत वर्षाचे चार महिने तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. तुम्ही माहिती कुठल्या महिन्यात गोळा केली हे शोधनिबंधात लिहिलंच पाहिजे.

वय हा आणखी एक मजेशीर फास. ऐंशीच्या पुढचे असा निकष लावलात, पण जन्मदाखला नाही. आधार कार्डावर जन्मतारीख १ जानेवारी असलेल्यांची रांग लागते. सांगितलेली वयं ६०, ६५, ७० अशा आकड्यांवर साचतात. यावर जुना, मेहनतीचा उपाय म्हणजे घटनांची दिनदर्शिका: बहात्तरच्या दुष्काळात तुमचं लग्न झालेलं होतं का, पहिलं मूल केवढं होतं, खडी फोडायच्या कामावर गेला होतात का? दहा मिनिटं जास्त लागतात, पण वय दोन-तीन वर्षांच्या अंतरात सापडतं.

पकड आणि चाल मात्र मोजता येतात. मुंबईच्या आयआयपीएसने केलेल्या लासी या देशव्यापी पाहणीच्या पहिल्या फेरीत (२०१७-१८) पंचेचाळीसच्या पुढच्या सुमारे ७२,००० माणसांचं बीपी, पकड, चालण्याचा वेग प्रत्यक्ष मोजला आहे. ही माहिती संशोधकांना मागून मिळते. फिल्डवर्कला पैसे नसतील तर इथून सुरुवात करा. त्यात साठीच्या पुढच्या दर तीन माणसांत जवळपास एकाने बीपीचं निदान झाल्याचं सांगितलं आहे. आणि ज्यांचं निदानच झालेलं नाही ते वेगळेच, त्यांचं मोजलेलं बीपी तुम्हाला तिथेच सापडेल.

आजींच्या बाकीच्या गोळ्यांकडे थोडक्यात वळतो. शुगरची ग्लिमेपिराइड ही गोळी शुगर जास्त खाली नेऊ शकते. अमेरिकन जेरियाट्रिक्स सोसायटीच्या २०२३ च्या बीअर्स यादीत वृद्धांसाठी ती टाळण्याजोग्यांत आहे. अॅकॉर्ड ट्रायलमध्ये शुगर कडक ताब्यात ठेवलेल्या गटात २५७ मृत्यू, दुसऱ्यात २०३, म्हणून तो भाग २००८ मध्ये थांबवावा लागला. आणि ती माणसं सरासरी फक्त ६२ वर्षांची होती. अॅस्पिरिनचं अॅस्प्री ट्रायलने (२०१८) स्पष्ट केलं: हृदयविकार कधीच न झालेल्या, बहुतेक सत्तरीच्या पुढच्या १९,११४ माणसांत फायदा नाही, मोठा रक्तस्राव ३.८ टक्के विरुद्ध २.८. ज्यांना आधी अॅटॅक किंवा पक्षाघात येऊन गेला आहे त्यांचं गणित वेगळं, ते यात मिसळू नका. आणि 'चक्कर' हा एकच शब्द. उभं राहिल्यावर बीपी पडलं तरी चक्कर, शुगर उतरली तरी चक्कर, कानाच्या आतला तोल बिघडला तरी चक्कर. तुमच्या नोंदवहीत फक्त 'चक्कर: होय' असेल तर ती नोंद कामाची नाही. कधी, कशानंतर, जेवण होऊन किती वेळ झाला होता, हे हवं.

किडनीचा मुद्दा मात्र घाईने सोडवत नाही. आजींचं क्रिएटिनिन १.० आलं, लॅबच्या कागदावर 'नॉर्मल'. पण क्रिएटिनिन स्नायूंतून येतं, आणि ३८ किलोच्या देहात स्नायू असतो किती? कॉकक्रॉफ्ट-गॉल्टचं जुनं सूत्र लावा: १४० वजा वय म्हणजे ६२, गुणिले वजन ३८, भागिले ७२ गुणिले क्रिएटिनिन १.०, आणि बाई असल्यामुळे गुणिले ०.८५. उत्तर मिनिटाला २८ मिलिलिटरच्या आसपास. 'नॉर्मल' कागदामागे किडनीचं काम एवढं उतरलेलं असू शकतं, आणि अनेक औषधांचे डोस यावर ठरतात. सूत्र अंदाजच देतं, पण हातात फोन असेल तर अर्ध्या मिनिटाचं काम आहे.

यातून एक कल्पना पक्की करा: फायदा मिळायला लागणारा वेळ. साठीच्या पुढच्यांवरच्या सहा ट्रायल एकत्र करून चेन आणि सहकाऱ्यांनी २०२२ मध्ये काढलं, की बीपी जास्त कडक ठेवल्यावर दर २०० माणसांमागे एक मोठी हृदयघटना टाळायला सुमारे १९ महिने लागतात, दर १०० मागे एक टाळायला ३४. स्टॅटिन्ससाठी, पन्नास ते पंचाहत्तरच्या वयात, दर १०० मागे एक टाळायला अडीच वर्षं. नुकसान, म्हणजे पडणं किंवा शुगर उतरणं, मात्र पहिल्या आठवड्यातही होऊ शकतं. त्यामुळे 'औषध चांगलं की वाईट' यापेक्षा 'या माणसाकडे तेवढा वेळ आहे का' हा प्रश्न जास्त उपयोगी. आणि तो वेळ वयावरून कमी, थकलेपणावरून जास्त कळतो.

मग इगतपुरीत बसून तुम्ही काय करू शकता? मोठी ट्रायल नाही, तिला हजारो माणसं आणि कोट्यवधी रुपये लागतात. पण आशाताई घरोघर जो सीबीएसीचा फॉर्म भरतात, त्यात साठीच्या पुढच्यांसाठी काही प्रश्न आहेतच: उभं राहताना किंवा चालताना तोल जातो का, हालचालीवर मर्यादा आणणारं अपंगत्व आहे का, खाणं-आंघोळ-कपडे यांना दुसऱ्याची मदत लागते का, जवळच्यांची नावं किंवा घरचा पत्ता विसरता का. बघा, हे थकलेपणाचेच प्रश्न आहेत, फक्त त्यांना तसं कुणी म्हणत नाही. एक करता येण्याजोगा अभ्यास असा: बीपीची गोळी चालू असलेल्या साठीच्या पुढच्या लोकांचं बसून आणि उभ्याने बीपी मोजा, आणि या प्रश्नांना 'होय' म्हणणाऱ्यांत उभ्याने बीपी पडण्याचं प्रमाण जास्त आहे का ते पाहा. जास्त निघालं, तर नर्सताईंना 'या बाईचं उभ्याने मोजा' असं सांगणारी फुकटची चाळणी हाती येते. मग त्याच माणसांना जून ते सप्टेंबर दर महिन्याला भेटून पडण्याची नोंद ठेवा.

एक खड्डा आधीच दाखवतो. माणसं दवाखान्यातून निवडाल तर जे दवाखान्यात येऊ शकतात तेच मिळतील. सगळ्यात थकलेली आजी येत नाही. तिच्या गोळ्या न्यायला मुलगा येतो, आणि बीपी मोजलंच जात नाही. युरोप-अमेरिकेच्या ट्रायलनी ज्यांना निकष लावून बाहेर ठेवलं, त्यांनाच तुम्ही नकळत बाहेर ठेवाल. म्हणून नमुना दवाखान्याच्या रजिस्टरमधून घ्या, आणि मोजायला घरी जा. पाड्यापर्यंत रस्ता नसेल तर वेळापत्रकात तेवढे दिवस धरा. गाइडना हे दिवस कमी करावेसे वाटतील. करू देऊ नका.

घरी जाताना संमतीपत्राचाही विचार करा. आयसीएमआरच्या २०१७ च्या नैतिक मार्गदर्शक तत्त्वांनुसार वाचता न येणाऱ्या व्यक्तीचा अंगठा घेताना त्रयस्थ साक्षीदार लागतो. सून किंवा आशाताई त्रयस्थ धरायच्या का, हे एथिक्स कमिटीला आधीच विचारून ठेवा. औषध कमी करण्याचा काही भाग प्रस्तावात असेल तर तो हस्तक्षेप झाला, म्हणजे पहिला माणूस घेण्याआधी सीटीआरआयवर नोंदणी. आणि एक गोष्ट कुठल्याही नमुन्याच्या संमतीपत्रात नसते, ती तुम्हालाच लिहावी लागेल. एवढ्या थकलेल्या माणसाला 'तुमची एक गोळी कमी करतो' म्हटलं, की त्याला ऐकू येतं 'तुमच्यावर आता खर्च नको'. घरच्यांनाही तेच ऐकू येतं. चार महिन्यांनी दुसऱ्या कुठल्या डॉक्टरकडे गेले की ती गोळी परत सुरू होते. ती का कमी केली, कुणी केली आणि कधी परत तपासणार, हे त्यांच्याच दवाखान्याच्या कार्डावर, मराठीत, मोठ्या अक्षरात लिहिण्याची तरतूद प्रस्तावात ठेवा.

पुढच्या लेखात ऑप्टिमाइजचा पेपर घेऊन नॉन-इन्फिरिऑरिटीची मर्यादा कशी ठरवतात ते पाहू. तोवर हायव्हेट आणि स्प्रिंट दोन्हींचे निकष एका कागदाच्या डाव्या बाजूला उतरवा, उजव्या बाजूला तुमच्या ओळखीच्या पाच वृद्धांची वयं, आजार आणि उभ्याने घेतलेलं बीपी लिहा, आणि पाचांतले कितीजण आत जातात ते मोजा.